सूर्याग्नि ठेवावा कशांत?

(नभोवाणीवर झालेलें भाषण)



वर्ष-सहा महिन्यांनीं वर्तमानपत्रांत एक मथळा हटकून येतो : ‘कृत्रिम सूर्य तयार’. कधीं तो चीनमध्यें तयार झालेला असतो, कधीं फ्रान्समध्यें, कधीं अमेरिकेंत. मथळ्याखालीं दहा कोटी, पंधरा कोटी असे उष्णमानाचे आंकडे असतात, आणि वाचणारा चहाचा पेला खालीं ठेवून घरांतल्या मंडळींस विचारतो, “काय हो, इतकी उष्णता ज्यांत ठेवली तें भांडें वितळलें कसें नाहीं?” माझ्या मतें त्या संबंध बातमींत विचारण्याजोगा प्रश्न हा एकच असतो, आणि बातमी लिहिणारानें नेमकें त्याचेंच उत्तर दिलेलें नसतें. आज तेवढ्याच प्रश्नाचा विचार करण्याचें मीं योजिलें आहे. हा अग्नि पेटतो कसा, हें शास्त्रज्ञांस १९३४ सालापासून ठाऊक आहे. तो ठेवावा कशांत, यासाठीं आतां तिसरी पिढी खपत आहे.

प्रथम या अग्नीची ओळख करून घेऊं. लाकूड किंवा कोळसा जळतो तेव्हां अणूंचीं केवळ वरचीं वस्त्रें बदलतात. त्यांच्या गाभ्यास धक्का लागत नाहीं. सूर्यांत जळतें तें निराळें. तेथें हायड्रोजनच्या अणूंचे गाभे, म्हणजे अणुकेंद्रें, एकमेकांत मिसळून हेलियम होतो, व त्या व्यवहारांत वस्तुमानाचा जो लहानसा अंश नाहींसा होतो त्याची उष्णता बनते. यास संमीलन म्हणतात. पृथ्वीवर त्यांतल्या त्यांत सोपें असें जें संमीलन आहे तें हायड्रोजनच्या दोन जड भावंडांचें : एक ड्यूटेरियम व दुसरें ट्रिटियम. ड्यूटेरियम समुद्राच्या पाण्यांत आहे. साध्या हायड्रोजनच्या सहा-साडेसहा हजार अणूंमागें त्याचा एक अणु सांपडतो. ट्रिटियम सृष्टींत जवळजवळ मिळतच नाहीं, कारण तें किरणोत्सर्गी असून सव्वाबारा-साडेबारा वर्षांत त्याचें निम्मेंच उरतें. तें लिथियम धातूपासून तयार करावें लागतें. या दोहोंच्या मीलनांतून हेलियमचा एक कण व एक न्यूट्रॉन बाहेर पडतो. निघालेल्या एकंदर शक्तीपैकीं चार पंचमांश न्यूट्रॉन घेऊन जातो आणि एक पंचमांश हेलियमकडे राहते. ही वांटणी ध्यानांत ठेवावी. पुढें तिचें काम आहे.

अडचण अशी कीं, दोन्ही अणुकेंद्रांवर धनविद्युत् असते, आणि सजातीय विद्युत् परस्परांस दूर लोटते. अत्यंत वेगानें एकमेकांवर आदळलीं तरच तीं जवळ येतात. मग एका केंद्राची गोळी करून दुसऱ्यावर कां मारूं नये? १९३४ सालीं केंब्रिज येथें रदरफर्ड, ओलिफंट व हार्टेक या तिघांनीं हेंच केलें, आणि ड्यूटेरियमचें संमीलन प्रत्यक्ष घडवून दाखविलें. परंतु शक्तीच्या हिशेबानें हा व्यवहार आंतबट्ट्याचा आहे. असंख्य गोळ्यांपैकीं एखादीच नेमकी लागते. बाकीच्या निशाणाला तापवून आपला वेग गमावून बसतात. कॅरमच्या पटाची कड काढून टाकली तर काय होईल तें पाहा. सोंगटी हुकली कीं खालीं पडली, आणि तिला दिलेला जोर फुकट गेला. कड असेल तर ती परत येते व तिला पुन्हां संधि मिळते. तेव्हां सर्वच वायु इतका तापवावा कीं त्यांतील कण आपोआप त्या वेगानें धांवूं लागतील, आणि त्याच्याभोंवतीं अशी कड घालावी कीं कण लाखों वेळां हुकला तरी जोर न गमावतां परत यावा. सारें शास्त्र या कडेचें आहे.

‘कृत्रिम सूर्य’ हें नांव मला आवडत नाहीं तें याचसाठीं. सूर्याला कड लागत नाहीं. त्याचें स्वतःचें वजनच त्याला आवळून धरतें. शिवाय सूर्य हा अग्नि म्हणून फार मंद आहे. त्याच्या गर्भांतील उष्णमान सुमारें दीड कोटी अंश, आणि तेथें एका घनमीटर जागेंत निर्माण होणारी उष्णता तीनशें वॅटसुद्धां भरत नाहीं. आकारमानाच्या हिशेबानें पाहिलें तर आपल्या शरीरांत निर्माण होणारी उष्णता त्याहून अधिक आहे ! सूर्य तळपतो तो केवळ आपल्या अवाढव्यपणामुळें. त्याच्या गर्भाचा एक घनमीटर तुकडा एखाद्या कारखान्यांत बसवितां आला असता, तर त्याच्या नित्याच्या मिळकतीवर जुने साठ वॅटचे चार दिवे लागते. म्हणून मनुष्याला सूर्याच्या दसपट उष्णमान गांठावें लागतें, आणि तेंही वजनाच्या मदतीवांचून.

पंधरा कोटी अंशांवर कोणताही पदार्थ घन, द्रव किंवा साधा वायु म्हणून राहत नाहीं. अणूंतील इलेक्ट्रॉन सुटे होतात, केंद्रें सुटीं होतात, आणि धन व ऋण कणांचा एक सैरावैरा धांवणारा जमाव उरतो. यास प्लाझ्मा म्हणतात. हें नांव लँगम्यूर या अमेरिकन शास्त्रज्ञानें १९२८ सालीं दिलें. किती उष्णतेस किती अणु असे फुटतात याचें गणित त्यापूर्वींच, १९२० सालीं, आपल्या मेघनाद साहांनीं मांडलें होतें, व ताऱ्यांच्या प्रकाशाचा अर्थ लावण्याची किल्ली त्यामुळें जगाच्या हातीं आली.

आतां भांडें वितळण्याच्या भीतीकडे वळूं. उष्णमान मोठें असलें म्हणजे उष्णताही मोठी असते असें नव्हे. फुलबाजीची ठिणगी हातावर पडली तरी भाजत नाहीं, आणि उकळत्या पाण्याचा तांब्या सांडला तर फोड येतात, वास्तविक ठिणगी कितीतरी अधिक तापलेली असते. या भट्ट्यांतला प्लाझ्मा अतिशय विरळ असतो : आपल्या भोंवतालच्या हवेंत जितके कण असतात त्यांच्या सुमारें अडीच लाखांव्या हिश्श्याइतके. फ्रान्समध्यें ‘ईटर’ नांवाची जी प्रचंड भट्टी बांधली जात आहे तिच्या आंतील प्लाझ्मा आठशें घनमीटरांहून अधिक जागा व्यापील, पण त्याचें वजन एक ग्रॅमही भरणार नाहीं. असा प्लाझ्मा भिंतीस लागला तर प्रथम काय होईल? भिंत वितळण्याआधीं प्लाझ्माच थंड पडेल. तेव्हां आमच्या वाचकाच्या प्रश्नाचें उत्तर उलटें आहे. भांड्यास अग्नीचें भय आहे त्याहून अग्नीस भांड्याचें भय अधिक आहे.

म्हणून स्पर्श न करतां धरील असें भांडें हवें, आणि तें चुंबकाचें करतां येतें. चुंबकावर कागद ठेवून लोखंडाचा कीस पसरला म्हणजे त्याच्या रेषा उमटतात, हा प्रयोग शाळेंत सर्वांनीं केलेला असतो. विद्युद्भारित कण या रेषांना ओलांडून सरळ जाऊं शकत नाहीं. तो ओलांडूं लागला कीं चुंबक त्याला बाजूस वळवितो, पुन्हां वळवितो, आणि कण रेषेभोंवतीं घिरट्या घालूं लागतो. पांच टेस्ला इतक्या, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारें लाखपट क्षेत्रांत ड्यूटेरियमचें तापलेलें केंद्र जेमतेम चार मिलिमीटर त्रिज्येच्या वर्तुळांत फिरतें, आणि सेकंदाला जवळजवळ चार कोटी फेऱ्या घेतें. इलेक्ट्रॉनचें वर्तुळ तर त्याहून साठपट लहान. म्हणजे कण हा मणी झाला आणि चुंबकरेषा हा दोरा झाला.

परंतु मणी दोऱ्यावरून घसरतो. रेषेच्या दिशेनें जाण्यास कणाला कांहींच आडकाठी नाहीं, आणि त्याचा वेग सेकंदास सुमारें हजार किलोमीटर आहे. सरळ नळीच्या भोंवतीं चुंबकाचीं वेटोळीं घालून प्लाझ्मा कोंडला, आणि ती नळी पुण्याच्या लकडी पुलापासून डेक्कनपर्यंत लांब केली, तरी ती सेकंदाच्या हजाराव्या भागांत दोन्ही टोंकांनीं रिकामी होईल. टोंकाशीं चुंबकाचा जोर वाढवून कणांस मागें परतविण्याची युक्ति पुष्कळांनीं केली. कांहीं कण परततात, पण जे अगदीं रेषेच्या सरळींत धांवतात ते निसटतातच. यावर सरळ उपाय कोणालाही सुचेल : टोंकेंच नकोत. नळी वांकवून तिचीं दोन्ही टोंकें जोडावींत व तिचें कडें करावें.

येथें निसर्गानें एक नवीन पेंच टाकला. कड्याच्या आंतील अंगास वेटोळीं दाटीनें येतात, बाहेरील अंगास विरळ होतात. म्हणून आंत चुंबकाचा जोर अधिक, बाहेर कमी. घिरट्या घालणारा कण आंतल्या बाजूस लहान वळण घेतो, बाहेरच्या बाजूस मोठें. त्याचें वर्तुळ बंद होत नाहीं आणि दर फेरीस तो किंचित सरकतो. धन कण वर सरकले तर ऋण कण खालीं सरकतात. वर धन, खालीं ऋण असा विद्युतेचा दुभंग झाला कीं त्याच्या जोरानें सगळाच्या सगळा प्लाझ्मा कड्याच्या बाहेरील भिंतीवर जाऊन आदळतो. सेकंदाच्या एका क्षुद्र अंशांत खेळ खलास.

यावरचा उपाय समजण्यास आपल्याकडे एक उत्तम साधन आहे, तें म्हणजे पाणी आणणाऱ्या बायांच्या डोक्यावरील चुंबळ. चुंबळ करतांना बाई काय करते? फडकें नुसतें गोल वांकवीत नाहीं. प्रथम त्याला पीळ देते आणि मग त्याचें कडें करते. त्या फडक्यांतील एखादा रंगीत धागा डोळ्यांनीं पाहत चला. तो कड्याभोंवतीं फिरतां फिरतां कधीं वर येतो, कधीं आंत जातो, कधीं खालीं जातो. चुंबकरेषांना असाच पीळ दिला तर तीच रेषा कड्याच्या माथ्यावरून तळाकडे व तळाकडून माथ्याकडे जाते. आणि रेषेवरून धांवण्यास इलेक्ट्रॉन मोकळे असल्यामुळें वर सांचलेली धनविद्युत् व खालीं सांचलेली ऋणविद्युत् परस्पर मिटून जातात. दुभंग होण्यापूर्वींच भरून निघतो. पीळ नसलेली चुंबळ जशी डोक्यावर उलगडते, तसा पीळ नसलेला प्लाझ्मा उलगडतो.

हा पीळ द्यावा कसा याचे दोन मार्ग निघाले, आणि दोहोंचा उगम मोठा गमतीचा आहे. १९५१ सालच्या मार्चमध्यें अर्जेंटिनाचे अध्यक्ष पेरॉन यांनीं जाहीर केलें कीं, त्यांच्या देशांतील एका सरोवराच्या बेटावर रिश्टर नांवाच्या शास्त्रज्ञानें संमीलनाची शक्ति ताब्यांत आणली. पुढें चौकशींत ती सर्व हवाच ठरली. पण ती बातमी अमेरिकेंत लायमन स्पिट्झर या ज्योतिर्विदाच्या कानीं गेली. तो बर्फावर घसरण्याचा खेळ खेळण्यासाठीं ॲस्पेनच्या डोंगरांत निघाला होता. तेथें पर्वतावर नेणाऱ्या पाळण्यांत बसल्या बसल्या, खरोखर असें करावयाचें तर कसें करावें, याचा तो विचार करूं लागला. त्यांतून ‘स्टेलरेटर’ निघाला. यांत पीळ बाहेरून दिला जातो. प्रथम स्पिट्झरनें नळीस इंग्रजी आठाच्या आंकड्याचा आकार दिला, पुढें चुंबकाचीं वेटोळींच वांकडीं केलीं.

दुसरा मार्ग रशियाचा. सखालिन बेटावर लव्हरेन्त्येव्ह नांवाचा एक तरुण सैनिक होता. त्याचें शालेय शिक्षणही पुरें झालें नव्हतें; तें तो नोकरी संभाळून करीत होता. १९५० सालीं त्यानें थेट मॉस्कोला एक टिपण पाठविलें, त्यांत विजेच्या जाळ्या लावून तप्त कण कोंडण्याची कल्पना मांडली होती. तें टिपण अभिप्रायासाठीं सखारोव्ह यांच्याकडे आलें. जाळी कणांच्या माऱ्यांत टिकणार नाहीं हें सखारोव्हच्या लक्षांत आलें. पण जाळी नको तर काय, या विचारांतून त्यानें व त्याचे गुरु टाम यांनीं चुंबकीय कड्याची योजना आंखली. मला या गोष्टींत सखारोव्हच्या बुद्धीइतकेंच कौतुक वाटतें तें सैनिकाच्या पत्राला केराची टोपली न दाखविणाऱ्या कारकुनाचें. या यंत्रास पुढें ‘टोकामाक’ हें नांव पडलें. कड्याची पोकळी व चुंबकीय वेटोळीं या अर्थाच्या रशियन शब्दांचीं तीं आद्याक्षरें आहेत. यांत पीळ देण्याचें काम प्लाझ्मा स्वतःच करतो : कड्यांतून प्रचंड विद्युत्प्रवाह सोडावयाचा, म्हणजे त्या प्रवाहाचें चुंबकत्व बाहेरील चुंबकत्वांत मिसळून रेषांना पीळ पडतो. ‘ईटर’मध्यें हा प्रवाह दीड कोटी अँपियरचा असावयाचा आहे.

त्या काळीं इंग्लंडांत आणखी एक प्रयत्न झाला, व त्याची हकीगत सांगितल्यावांचून पुढें जाणें बरें नव्हे. विद्युत्प्रवाह स्वतःस आवळतो, म्हणून त्याच्याच बळावर प्लाझ्मा धरण्यासाठीं हारवेल येथें ‘झीटा’ नांवाचें यंत्र उभारलें होतें. त्यांतून न्यूट्रॉन निघूं लागले. १९५८ च्या जानेवारींत सर जॉन कॉक्रॉफ्ट यांनीं पत्रकारांस सांगितलें कीं, हे संमीलनाचेच आहेत याविषयीं आपणांस नव्वद टक्के खात्री वाटते. वर्तमानपत्रांनीं दिवाळी साजरी केली. मे महिन्यांत त्यांस तें मागें घ्यावें लागलें. आवळलेला प्लाझ्मा सापासारखा वळवळत होता व मध्येंच गळपटत होता, आणि त्या गडबडींत कांहीं थोड्या कणांस जोराचा धक्का बसून ते न्यूट्रॉन निघाले होते. सबंध प्लाझ्मा तितका तापलाच नव्हता. यानंतर या क्षेत्रांत कोणीही मोठा आंकडा सांगितला कीं लोक प्रथम नाक मुरडूं लागले.

म्हणूनच १९६८ सालीं नोव्होसिबिर्स्कच्या परिषदेंत आर्त्सिमोव्हिच यांनीं ‘टी-३’ या टोकामाकांत सुमारें एक कोटी अंश उष्णमान मिळाल्याचें सांगितलें तेव्हां पाश्चात्य मंडळींचा विश्वास बसेना. मग आर्त्सिमोव्हिच यांनीं केलें तें या सर्व इतिहासांत मला अत्यंत शोभिवंत वाटतें. दोन देशांतील वैर ऐन भरांत असतांना त्यांनीं इंग्रज शास्त्रज्ञांस आपल्या प्रयोगशाळेंत बोलाविलें : तुमचें मापनयंत्र घेऊन या व तुम्हीच मोजा. कुल्हॅमची मंडळी लेसरचीं पेटारीं घेऊन मॉस्कोला गेली. प्लाझ्मावर लेसरचा झोत टाकून विखुरलेल्या प्रकाशाच्या रंगांत किती फरक पडतो तें पाहिलें, म्हणजे इलेक्ट्रॉनांचा वेग कळतो. १९६९ सालीं उत्तर आलें : रशियन म्हणतात तें खरें आहे. प्रिन्स्टनच्या मंडळींनीं आपला मोठा स्टेलरेटर मोडून १९७० सालीं त्याचा टोकामाक केला.

पीळ दिल्यानें सर्व संकट टळलें असें मात्र नाहीं. प्लाझ्माला दाब असतो. तो विरळ असला तरी इतक्या उष्णमानास त्याचा दाब हवेच्या दाबाच्या तीनपट होतो. त्याला धरणाऱ्या पांच टेस्ला चुंबकाचा दाब हवेच्या शंभरपट असतो. शंभराचें बळ लावून तिघांना धरावयाचें, हा उधळेपणा दिसतो खरा. पण चुंबकरेषा म्हणजे पत्र्याची भिंत नव्हे. कणकेचा सैल गोळा सुतळीनें आवळून पाहा. सुतळी तुटत नाहीं, पण दोन वेढ्यांमधून कणीक फुगून बाहेर येते. प्लाझ्माही असाच जेथें रेषा ढिली असेल तेथून बाहेर फुगतो. त्याला आळा घालण्यासाठीं रेषांचा पीळ आंतून बाहेर बदलता ठेवतात, म्हणजे एका थराच्या फटी दुसऱ्या थराच्या दोऱ्यांखालीं येतात. पण पीळ फार झाला तर सर्व दोरच आढी घेतो, हें दोर वळणारास सांगावयास नको. रेषा कड्याभोंवतीं निदान एक पूर्ण फेरी घेण्याआधीं तिचा आडवा वेढा पुरा होतां कामा नये, अशी एक मर्यादा क्रुस्काल व शाफ्रानोव्ह यांनीं गणितानें घालून दिली; व्यवहारांत त्याहून बरेंच अंतर राखावें लागतें. ती मर्यादा ओलांडली, किंवा घनता बेसुमार वाढविली, तर टोकामाकांतला प्रवाह एकाएकीं कोसळतो, आणि सर्व उष्णता व प्रवाहाचा धक्का काहीं सहस्रांश सेकंदांत भिंतीवर येतो. मघां मीं भिंतीस फारसें भय नाहीं म्हटलें, त्याला हा अपवाद. स्फोट होत नाहीं, कारण जळण ग्रॅमभरही नसतें. पण भिंतीचे टवके उडतात. मोठ्या टोकामाकाच्या रचनाकारांची झोंप उडविणारी गोष्ट हीच आहे. स्टेलरेटरांत असा प्रवाह नसल्यामुळें हें संकट नाहीं. जर्मनींत ग्राइफ्सवाल्ड येथें २०१५ सालीं सुरू झालेल्या ‘वेंडेलश्टाइन’ यंत्रांत एकही वेटोळें सपाट नसलेलीं पन्नास चुंबकें आहेत. त्यांचे आकार गणकयंत्रांनीं ठरविले, मनुष्याच्या हाताला तीं काढतां आलीं नसतीं.

याशिवाय एक हळू गळती आहे, आणि तीच चिकट आहे. कड्याच्या मध्यावर पंधरा कोटी अंश, आणि दोन मीटरांवर भिंत. एवढ्या उतारावर प्लाझ्मा स्वस्थ कसा बसेल? आमटी चुलीवर खदखदूं लागली म्हणजे तळची उष्णता भोंवऱ्यांबरोबर वर येते. त्याचप्रमाणें प्लाझ्मांत बारीक बारीक भोंवरे उठतात व आंतील उष्णता बाहेर वाहून नेतात. कणांच्या टकरींचा हिशेब करून जितकी गळती निघते तिच्या कितीतरी पट ती यामुळें होते. १९८२ सालीं जर्मनींत गार्किंग येथें फ्रिट्झ वाग्नर यांना एक विलक्षण गोष्ट दिसली. तापविण्याचा जोर वाढवितां वाढवितां गळती वाढण्याऐवजीं एकाएकीं निम्म्यावर आली. प्लाझ्माच्या कडेशीं थरांची आपसांत घसरण सुरू होऊन भोंवरे कापले गेले होते. दुधावर साय धरावी तशी कडेवर एक पातळ साय धरली, व आंतील उष्णता आंत राहिली. हें कोणीही आधीं भाकीत केलें नव्हतें. आज सर्व मोठीं यंत्रें या सायीच्या भरंवशावर आंखलेलीं आहेत. मात्र सायीखालीं वाफ कोंडली कीं दूध उसळतें, तशा उसळ्या प्लाझ्मालाही येतात, आणि त्या शमविण्याचे उपाय अद्याप चालूं आहेत.

आतां वर्तमानपत्रांतील आंकड्यांचा घोंटाळा. १९५५ सालीं लॉसन नांवाच्या इंग्रज अभियंत्यानें एक साधा हिशेब मांडला : अग्नि स्वतःच्या बळावर टिकावयाचा तर घनता व उष्णता टिकण्याचा काळ यांचा गुणाकार एका मर्यादेपलीकडे गेला पाहिजे. हा काळ म्हणजे यंत्र किती वेळ चाललें तो नव्हे. बंबाखालीं निखारे घालीत राहिलें तर पाणी दिवसभर कढत राहील. बंब चांगला कीं वाईट हें कळतें तें निखारे काढून घेतल्यावर पाणी किती वेळांत निवतें यावरून. २०२५ च्या जानेवारींत चीनच्या ‘ईस्ट’ यंत्रानें प्लाझ्मा १,०६६ सेकंद धरला, व फेब्रुवारींत फ्रान्सच्या ‘वेस्ट’नें १,३३७ सेकंद. हें मोठें यश खरें, पण तें निखारे घालीत राहण्याचें यश. लॉसनच्या हिशेबांतील काळ ‘ईटर’सारख्या यंत्रांत तीन-चार सेकंद मिळावा एवढीच अपेक्षा आहे, आणि तेवढा पुरे. तो मिळाला तर हेलियमचे कण, ज्यांच्याकडे एक पंचमांश शक्ति राहते असें मीं आरंभीं सांगितलें, ते विद्युद्भारित असल्यामुळें चुंबकांत अडकून राहतात व प्लाझ्माला आंतून तापवितात. न्यूट्रॉन निर्भार, म्हणून तो बाहेर पडून भिंतीस उष्णता देतो. तोंवर तापविण्याचें काम बाहेरून करावें लागतें, आणि त्याचा एक मार्ग म्हणजे कणांच्या घिरट्यांशीं ताल जुळवून सोडलेल्या विद्युल्लहरी. ज्या लहरींवर बसून माझा आवाज आपणांकडे येत आहे, त्यांच्याच जातीच्या त्या आहेत. फरक एवढाच कीं माझ्या आवाजानें कोणी तापूं नये अशी इच्छा आहे.

मोठ्या पातेल्यांतील भात लहान पातेल्यांतल्या भातापेक्षां सावकाश निवतो. यंत्रें अवाढव्य कां होतात त्याचें कारण हें. दुसरा मार्ग चुंबकाचा जोर वाढविण्याचा. २०२१ सालीं अमेरिकेंत नवीन अतिवाहक पट्ट्यांचें वीस टेस्लाचें चुंबक चालवून दाखविण्यांत आलें, व त्यामुळें लहान यंत्राची आशा बळावली आहे. भांड्यावांचून, क्षणार्धांत जळण उरकून घेण्याचाही एक पंथ आहे. कॅलिफोर्नियांत ५ डिसेंबर २०२२ रोजीं लेसरच्या माऱ्यानें एका मण्याएवढ्या गोळींत जितकी शक्ति ओतली त्याच्या दीडपट निघाली. पण त्या लेसरांनीं विजेच्या तारांतून जवळजवळ शंभरपट वीज घेतली होती, हें मथळ्यांत नव्हतें. चुंबकांच्या बाजूस इंग्लंडच्या ‘जेट’ यंत्रानें १९९७ सालीं चोवीस मेगावॅट घालून सोळा परत मिळविले. आणि कायमचें बंद होण्यापूर्वीं, २०२३ सालीं, मिलिग्रॅमच्या पांचव्या हिश्श्याइतक्या जळणांतून एकोणसत्तर मेगाजूल शक्ति दिली. एवढ्यांत दोनशें लिटर थंड पाणी जेमतेम कढेल. घातल्याहून अधिक मिळविणें चुंबकाच्या भांड्यांत अद्याप कोणासही साधलेलें नाहीं.

हें ऐकून कोणी विचारील कीं, मग इतकीं वर्षें केलें काय? १९५५ च्या ऑगस्टमध्यें जिनीव्हा येथील परिषदेच्या अध्यक्षपदावरून आपल्या डॉ. होमी भाभांनीं भाकीत केलें होतें कीं, वीस वर्षांच्या आंत संमीलनाची शक्ति काबूंत आणण्याची रीत सांपडेल. तें खरें झालें नाहीं, व त्याबद्दल त्यांस हंसणारे मीं ऐकले आहेत. परंतु त्या दिवशीं भोंवरे, साय यांपैकीं कशाचाच नीट पत्ता कोणासही नव्हता. भांडें किती गळतें हें तें घडवूं लागल्यावरच कळलें. भारतांत गांधीनगरजवळ ‘आदित्य’ हा टोकामाक १९८९ सालीं चालूं झाला. २००५ च्या अखेरीस भारत ‘ईटर’च्या भागीदारींत गेला, आणि त्या यंत्रास बाहेरून झांकणारें जें प्रचंड शीतपात्र आहे, एकोणतीस मीटर उंच व तितकेंच रुंद, त्याचे भाग सुरतेजवळ हजिरा येथें लार्सन अँड टूब्रोच्या कारखान्यांत घडले. त्याचा तळ २०२० सालच्या मे महिन्यांत फ्रान्समध्यें जागेवर बसला. त्या पात्राच्या आंत शून्याखालीं २६९ अंशांवर गोठविलेलीं चुंबकें, आणि त्यांच्यापासून अवघ्या कांहीं मीटरांवर पंधरा कोटी अंश ! या यंत्रांत पन्नास मेगावॅट घालून पांचशें मिळवावयाचे आहेत. तें वीज तयार करणार नाहीं. भांडें धरतें कीं नाहीं एवढेंच दाखविणार आहे.

२०२४ सालीं सुधारलेल्या वेळापत्रकाप्रमाणें त्याचे पहिले प्रयोग २०३४ सालीं व खऱ्या जळणाचे २०३९ सालीं व्हावयाचे आहेत. तेव्हां मी ऐंशीच्या आसपास असेन. न्यूट्रॉनांच्या सततच्या माऱ्याखालीं त्या भांड्याची आंतली भिंत किती काळ तग धरते, हा याच्या पुढचा प्रश्न. त्याला निराळें भाषण लागेल, आणि घड्याळाचा कांटा मला येथेंच थांबण्यास सांगत आहे.